सर्फबोर्ड दुरुस्त करायचा की नाही? आणण्याआधी घरीच बघा

बोर्ड फुटला की पोरं आधी मोबाईलवर फोटो पाठवतात. "काका, एवढीशीच चीर आहे, वरून लावून द्या." फोटोत चिरेची लांबी दिसते, आत पाणी गेलंय का ते दिसत नाही, आणि सगळा निर्णय तर त्यावरच असतो. अंबडला माझं एफआरपीचं, म्हणजे फायबरच्या कामाचं वर्कशॉप आहे. केमिकलच्या टाक्या, डक्ट, शेडचे पत्रे हे रोजचं काम. पण हल्ली नाशिकची बरीच मुलं सुट्टीत सर्फिंगला कर्नाटकातल्या मुल्की, गोकर्णला नाहीतर चेन्नईजवळच्या कोवलमला जातात, तिथून जुना बोर्ड विकत घेतात आणि रेल्वेने नाशिकरोडला उतरतात. माझा पुतण्या त्यातलाच, म्हणून हे काम माझ्याकडे आलं.

बोर्ड म्हणजे आत फोम, वरून फायबरचं कापड आणि रेझिन (वाळून कडक होणारा चिकट द्रव), आणि बऱ्याच बोर्डांत मधोमध लाकडाची उभी पट्टी, तिला स्ट्रिंगर म्हणतात. फायबरचा थर जेमतेम मिलिमीटरभर, कधी त्याहून कमी. ताकद येते ती हा थर फोमला घट्ट चिकटून असतो म्हणून. तेव्हा बघायच्या गोष्टी दोनच. पाणी आत जातंय का? आणि थर फोमला धरून आहे का? बाकीचं सगळं दिसण्यापुरतं.

आधी पाय घसरू नये म्हणून वर घासलेलं वॅक्स काढा, त्याशिवाय काही दिसणार नाही. सकाळच्या उन्हात पाच-दहा मिनिटं ठेवला की वॅक्स मऊ होतं, मग जुन्या एटीएम कार्डाने खरवडायचं आणि सुती चिंधीने पुसायचं. थिनर किंवा ॲसिटोन लावू नका. चिरेतून आत उतरलं आणि फोम थर्माकोलचा निघाला, तर तो आतल्या आत विरघळतो.

आता चिरेवरून नख आडवं फिरवा. अडकलं नाही तर बहुतेक वेळा वरच्या रेझिनलाच बारीक भेग गेलेली असते, कापड शाबूत असतं. अडकलं तर साबणाचा दाट फेस त्या जागी लावा आणि चिरेपासून दोन बोटं लांब दोन्ही अंगठ्यांनी हळूहळू दाब द्या. पंक्चरवाला ट्यूब तपासतो तसंच हे. फुगे भसाभस येतील अशी अपेक्षा ठेवू नका. येतो एखादाच, मोहरीएवढा, दाब आहे तोवर फुगतो आणि सोडला की बसतो. तेवढा एक पुरे. चीर उघडी आहे, बोर्ड दुरुस्त होईपर्यंत पाण्यात न्यायचा नाही.

समुद्रावरून आलेल्या बोर्डाला आणखी एक खूण असते. प्रवासात आतलं पाणी हळूहळू बाहेर झिरपतं, वाळतं, आणि चिरेच्या कडेला मिठाची पांढरी, खरखरीत रेघ उमटते. शंका असली तर बोट लावून जिभेवर घ्या. त्याच जागी थराखालून तपकिरी डाग दिसत असेल तर पाणी जुनं आहे. पूर्ण बोर्ड सारखा पिवळा पडलाय एवढ्यावरून मात्र घाबरू नका, तो उन्हाचा परिणाम. पिवळ्या बोर्डावर लोक वर्षानुवर्षं मजेत सर्फ करतात.

मग बोर्ड वाजवून बघा. बोटाच्या पेराने टकटक करत टोकापासून शेपटीपर्यंत या. चांगल्या जागेचा आवाज कोरा, टणक येतो. थर सुटलेल्या जागी तो भद्द होतो. तिथे अंगठा दाबा. पृष्ठभाग आत जाऊन परत वर आला, बारीक करकर ऐकू आली, तर थर फोमपासून सुटलाय. वरून एकही चीर नसली तरी ही दुरुस्ती टाळता येत नाही, कारण प्रत्येक लाटेला तो फोड कडेकडेने वाढत जातो.

उलट, उभं राहून टाचांनी पडलेले खड्डे असतात, त्यांच्यासाठी माझ्याकडे येऊ नका. प्रत्येक वापरलेल्या बोर्डावर ते असतात. चीर नाही, आवाज कोरा आहे, तर खड्डा भरून फक्त वजन वाढतं. असे बोर्ड मी परत पाठवतो, आणि पोरांचे चेहरे पडतात. त्यांना वाटतं मला काम नकोय.

फिन (बोर्डाखालचे पर) बसतात तो बॉक्स आणि लीश (बोर्ड पायाला बांधायची दोरी) अडकवायचा प्लग, या दोन जागांना मात्र कसलीच सवलत देऊ नका. फिन हातात धरून डावी-उजवीकडे ढकला. फिन बॉक्समध्ये किंचित हलली तर स्क्रू घट्ट करा, पण अख्खा बॉक्सच बोर्डात हलत असेल किंवा भोवती गोल भेग दिसत असेल तर काम करूनच घ्या. लीशचा प्लग भर पाण्यात उपटला तर बोर्ड लाटेबरोबर सुटतो, आणि किनाऱ्याकडे कुणाचं तरी पोर उभं असतं.

बोर्डाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवी सुरकुती गेली असेल तर बोर्ड वाकलाय. दोन्ही बाजूंना सुरकुती असेल किंवा स्ट्रिंगर तुटला असेल, तर दुरुस्ती होते, पण जड होतो आणि खर्च बराच येतो. शिकायचा स्वस्त बोर्ड असेल तर त्यात पैसे घालू नका असंच मी सांगतो.

आता आमच्या धंद्याचीच गोष्ट. नाशिकमध्ये फायबरचं काम करणारे भरपूर आहेत आणि जवळजवळ सगळ्यांकडे पॉलिएस्टर रेझिनचा ड्रम असतो. टाकीसाठी ते उत्तम. पण त्यात स्टायरीन असतं, आणि स्टायरीन थर्माकोल खातं. सर्फबोर्डाचा फोम बहुतेक दोन प्रकारचा: पीयू (पॉलियुरेथेन) आणि ईपीएस. ईपीएस म्हणजे आपलं थर्माकोलच. माझ्याकडे एक बोर्ड आला होता, दुसऱ्या एका शॉपमध्ये पॅच मारलेला. वरून फिनिशिंग काचेसारखं गुळगुळीत, पॅच कापला तर खाली मूठ जाईल एवढा खड्डा. म्हणून कुणाच्याही हातात बोर्ड देण्याआधी फोम ओळखा. चिरेतून किंवा पारदर्शक थरातून बघा. साबुदाण्यासारखे दाणे दिसले तर ईपीएस, एकसंध बारीक दिसला तर पीयू. तरी खात्री नसेल तर फुटलेल्या जागचा फोमचा कण वाटीत घेऊन त्यावर पॉलिएस्टर रेझिनचा थेंब टाकायला सांगा. ईपीएस डोळ्यांदेखत विरघळून बसतो, पीयू जसाच्या तसा राहतो. एपॉक्सी हे दुसरं रेझिन दोन्हींना चालतं, म्हणून शंका असेल तिथे एपॉक्सीच. फेविक्विकही चिरेत सोडू नका, तेही थर्माकोल खातं.

नाशिकला एक वेगळी भानगड आहे. आपण समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहोत, हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा साधारण ७ टक्के कमी. ईपीएसच्या बोर्डात दाण्यांच्या मधे हवा अडकलेली असते. घाट चढताना ती फुगायला बघते, त्यात बोर्ड गाडीच्या टपावर एप्रिलच्या उन्हात, मग थर सुटायला वेळ लागत नाही. काही ईपीएस बोर्डांना हवा सोडायचा छोटा स्क्रू असतो. असला तर प्रवासात सैल करा, पाण्यात उतरण्याआधी घट्ट. बोर्ड चांदीसारख्या चमकत्या कव्हरमध्ये ठेवा आणि बंद गाडीत उन्हात सोडून जेवायला जाऊ नका.

पाणी गेलंय असं ठरलं तर दुरुस्तीपेक्षा वाळवणं मोठं काम. ओल्या फोमवर रेझिन नीट धरत नाही, आणि धरलं तरी आत पाणी कोंडून बसतं. पीयूत ते चिरेच्या आसपास राहतं, ईपीएसमध्ये दाण्यांच्या मधून लांबवर पसरतं. चीर खालच्या अंगाला येईल असा बोर्ड टेकवायचा, सावलीत, वारा लागेल तिथे. गच्चीवर पत्र्याखाली नको, तिथे भट्टी असते. निफाडच्या एका मुलाने मार्चमध्ये, कांदा भरायच्या आधी, रिकाम्या कांदाचाळीत बोर्ड उभा केला होता. वर छप्पर, खालून आणि बाजूने वारा. इतका नीट वाळलेला बोर्ड माझ्याकडे क्वचित येतो. आणि त्याने अंदाजावर काही सोडलं नाही. दर दोन-तीन दिवसांनी कांद्याच्या काट्यावर वजन करायचा, वजन उतरायचं थांबलं तेव्हाच बोर्ड घेऊन आला.

वरून मऊ रबरासारखा थर असलेले शिकाऊ बोर्ड, सॉफ्टटॉप, वेगळे. तो थर पॉलिथिनचा, त्याला ना पॉलिएस्टर धरत ना एपॉक्सी. फाटलं असेल तर वाळवून थर्माकोलला चालणाऱ्या कॉन्टॅक्ट ॲडेसिव्हने चिकटवा, घरीच जमतं. पण बोर्ड हातात घेतल्यावर पहिल्यापेक्षा स्पष्ट जड लागत असेल आणि हलवल्यावर पाणी गळत असेल, तर सोडून द्या.

आणायचा असेल तर मेअखेरपर्यंत आणा. पावसाळ्यात पश्चिम किनारा नवख्यांसाठी बंदच असतो, म्हणून सगळ्यांना जुलैत दुरुस्ती आठवते, आणि जुलैत आपल्याकडच्या दमट हवेत फोम वाळता वाळत नाही. चिरेवर एम-सील थापून आणू नका. तो आजूबाजूच्या थरापेक्षा टणक असतो, घासताना तो राहतो आणि शेजारचं फायबर जातं. सेलोटेपही नको, त्याखाली पाणी कोंडतं. चिरेभोवती पेन्सिलने गोल करा आणि शेवटचा समुद्रात कधी नेला होता ती तारीख सांगा, बाकीचं मी बघतो.