टिपाडं, कूलर अन् डासांची अंडी: पाणी साठवणाऱ्या घरांनी काय करायचं

आपल्या जळगाव-धुळ्याकडे नळाला रोज पाणी नसतं, त्यामुळे टिपाडं भरून ठेवू नका असं मी सांगणार नाही, ठेवावीच लागतात. पण मागच्या पावसाळ्यात माझ्या मायला चिकनगुनिया झाला, महिनाभर तिला कळण्याची भाकरी थापता येईना इतकी मनगटं धरली, तेव्हापासून मी हे सगळ्यांना सांगत असतो.

नुसतं पाणी ओतून काही होत नाही. डेंग्यू, चिकनगुनिया, झिका पसरवणारा एडिस डास अंडी पाण्याच्या जरा वर, भांड्याच्या आतल्या भिंतीला चिकटवतो, बारीक काळे ठिपके दिसतात, बोटाने सहज निघत नाहीत. ती कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात, अन् पाणी लागलं की आठ-दहा दिवसांत डास तयार. जुन्या टायरांतून अशीच अंडी जहाजाने देशोदेशी गेली, 1985 ला अमेरिकेत ह्यूस्टनला एशियन टायगर डास (एडिसचीच एक जात) सापडला तो तसाच. मग 2007 मध्ये भारतातून गेलेल्या एका प्रवाशाच्या रक्तातून चिकनगुनिया इटलीतल्या खेड्यात पोचला अन् दोनशेच्या आसपास लोक आजारी पडले, कारण डास तिथं आधीच बसलेला होता. व्हायरस माणूस नेतो, डास मात्र घरचाच लागतो.

म्हणून नळ येण्याच्या दिवशी भरायच्या आधी टिपाड आडवं करा अन् काथ्याने किंवा तारेच्या घासणीने आतून कडेकडेने घासा, वरच्या काठाजवळ जास्त, मग ते पाणी नालीत नाही, उन्हात कोरड्या जमिनीवर ओता. भरल्यावर जुन्या सुती साडीचा दुहेरी पदर सुतळीने घट्ट बांधा, नुसतं झाकण ठेवलं तर फटीतून डास जातोच. हौद रिकामा करणं शक्य नसेल तर गप्पी मासे सोडा, आरोग्य केंद्रात विचारा. फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवरचे टायर, कुंडीखालच्या ताटल्या, हे पण बघा.

हा डास दिवसा चावतो, त्यामुळे दुपारी झोपणाऱ्या लेकराला मच्छरदाणी लावाच. ताप आला तर पॅरासिटामॉल चालेल, पण डेंग्यू नाही हे कळेपर्यंत अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन देऊ नका. घरात गरोदर बाई असेल तर अंगावर काढू नका, झिकाने पोटातल्या बाळाच्या मेंदूला धोका असतो.

आणि ऑक्टोबरचं ऊन संपल्यावर कूलर माळ्यावर टाकाल, तेव्हा खालचा टब घासून अन् खस काढूनच टाका, नाहीतर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पाणी भरलं की तीच अंडी फुटतील.