बहावा आणि ताम्हण: शेजारी लावा, पण एका नळीवर नको

मे महिना संपत आला की बहावा आणि ताम्हण लावण्याचा विचार जोर धरतो. त्यात नवल नाही. एकीकडे पिवळ्याधमक घोसांनी लगडलेला बहावा आणि दुसरीकडे जांभळ्या तुऱ्यांचा ताम्हण, दोन्ही एकाच वेळी फुललेले पाहिले की ही जोडी आपल्या बांधावर किंवा वाटेच्या कडेला असावी असं वाटतंच. मग जूनच्या पावसावर दोन्ही रोपं एका ओळीत लागतात, एकाच ठिबकवर येतात आणि छाटणीही एकाच दिवशी होते. नेमकं इथेच बिघडतं. ही झाडं फुलतात एका वेळी, पण त्यांचा स्वभाव पार उलटा आहे.

बहावा कोरड्या पानझडी रानातला. मुरमाड, उताराची, पाणी न धरणारी जमीन त्याला मानवते. ताम्हण नदी-ओढ्यांच्या काठचं झाड. खोल, ओल धरणाऱ्या मातीत ते खुलतं आणि पावसाळ्यात बुंध्याशी चार दिवस पाणी राहिलं तरी तग धरतं. तेवढंच पाणी बहाव्याच्या मुळाशी राहिलं तर मुळं कुजतात. हे मी स्वतः चुकून शिकलो. चिबड, पाणी साचून राहणाऱ्या कोपऱ्यात लावलेला माझा पहिला बहावा पावसाळाभर पिवळा पडत गेला. मी खत कमी पडलं समजून शेणखत घालत राहिलो आणि दिवाळीच्या आत रोप गेलं. उपटलं तेव्हा सोटमूळ काळं पडलं होतं.

म्हणून रोप आणण्याआधी जागा तपासा. दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्या, संध्याकाळी पाण्याने काठोकाठ भरा आणि सकाळी पाहा. पाणी जिरलं असेल तर जागा बहाव्याची. तळाला अजून पाणी असेल तर तिथे ताम्हण लावा. बहाव्याला भारी काळ्या जमिनीतच लावायचं असेल, तर खड्ड्याऐवजी फूटभर उंच वरंबा करून त्यावर लावा आणि पाणी निघून जायला चर काढा. ताम्हणाची अडचण वेगळी. चुनखडीच्या जमिनीत त्याची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अशा जमिनीत लोह असूनही झाडाला उचलता येत नाही. तिथे दरवर्षी भरपूर कुजलेलं खत आणि पालापाचोळा घालायची तयारी हवी, नाहीतर ताम्हणाचा हट्ट धरू नये.

ऊन मात्र दोघांनाही दिवसभराचं हवं. सावलीत झाड जगतं, पण फुलं नावापुरती येतात.

खड्डे आत्ताच, उन्हात तापू द्या. भरताना दोन भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत आणि वाळवीसाठी ओंजळभर निंबोळी पेंड घाला. कच्चं शेणखत घातलं तर वाळवीला आमंत्रणच. दोन झाडांत सहा ते आठ मीटर अंतर ठेवा, भिंतीपासून निदान पाच मीटर. विजेच्या तारांखाली दोन्हीही नकोत, दोन्ही झाडं दहा-पंधरा मीटरपर्यंत वाढू शकतात. चांगला पाऊस होऊन वाफसा आला, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसलेली झाली, की लागवड करा.

रोप निवडताना बहाव्याच्या बाबतीत उंचीला भुलू नका. त्याचं सोटमूळ पिशवीत लवकर तळ गाठतं आणि गोल फिरू लागतं. लहान पिशवीतलं पाच फुटी रोप दिसायला छान असतं, पण ते नंतर वर्षानुवर्षं रेंगाळतं. त्यापेक्षा दोन-अडीच फुटांचं, वर्षाच्या आतबाहेरचं रोप घ्या. ताम्हण याबाबतीत सोशिक आहे, जरा मोठं रोपही नीट लागतं.

आता पाणी. पहिले दोन उन्हाळे दोघांनाही द्यावं लागतं, पण सारखं नाही. बहाव्याला आठ-दहा दिवसांनी एकदा, आळं भरून, खोल. रोज थोडं थोडं दिलं तर मुळं वरच्या वर राहतात. ताम्हणाला तीन-चार दिवसांनी द्या आणि आळ्यात पालापाचोळ्याचं जाड आच्छादन ठेवा, फक्त ते बुंध्याला टेकू देऊ नका. तिसऱ्या वर्षानंतर बहाव्याचं पाणी हिवाळ्यापासून तोडलं तरी चालतं. डाळिंबाला जसा ताण देतात, तसा कोरडा काळ बहाव्याला बहरासाठी उपयोगी पडतो. ताम्हणाला मात्र नवी पालवी फुटू लागली की पाणी हवंच, कारण त्याच पालवीच्या टोकाला तुरे येणार असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये एकाचं पाणी बंद आणि दुसऱ्याचं सुरू असतं. म्हणून ठिबकची नळी वेगळी ठेवा, नाहीतर निदान बहाव्यापाशी बंद करता येईल अशी चावी बसवा.

सर्वांत जास्त फुलं वाया जातात ती छाटणीत. ताम्हणाचे तुरे नव्या फुटव्यांच्या शेंड्यावर येतात, तेव्हा त्याची छाटणी पानं गळून गेल्यावर, नवी पालवी यायच्या आत करायची. बहाव्याचे घोस मात्र आदल्या हंगामात वाढलेल्या फांद्यांवर लोंबतात. त्याच्यावर हिवाळ्यात कात्री चालवली की येणारा बहरच कापला जातो. बहाव्याला हात लावायचा तो फुलं संपल्यावर लगेच, तोही वाळलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्यांपुरता, उघडीप पाहून. आणि ताम्हणाची मुंडकी छाटण्याची पद्धत कृपा करून सोडा. कापलेल्या जाड खुंटातून छडीसारख्या फांद्यांचा झुपका फुटतो. त्या तुऱ्याच्या भाराने वाकतात, पहिल्या वादळात मोडतात.

किडीरोगाची फार चिंता नको. पावसाळ्यात बहाव्याची पानं हिरव्या अळ्या खातात. त्या पिवळसर पांढऱ्या फुलपाखरांच्या असतात. मोठ्या झाडावर फवारणीची गरज नाही, ते पुन्हा पालवतं. लहान रोपावरच्या अळ्या हाताने वेचून लांब टाका. ताम्हणावर दाटीमुळे भुरी, म्हणजे पानांवर पिठासारखी पांढरी बुरशी, येते आणि मावा पडला की पानं काळी, चिकट होतात. पाण्याचा जोरदार फवारा आणि नंतर निंबोळी तेल एवढ्यावर बहुधा भागतं.

रोपं घरीच करणाऱ्यांसाठी थोडं. बहाव्याचं बी टणक कवचाचं असतं, तसंच पेरलं तर महिनोन्‌महिने पडून राहतं. पाणी उकळून खाली उतरवा, त्यात बी टाकून रात्रभर ठेवा. सकाळी जे फुगलं ते पेरा, न फुगलेलं एका बाजूने सँडपेपरवर घासून पुन्हा भिजवा. ताम्हणाचं बी हलकं, पंख असलेलं. त्याला ही खटपट नको, पण त्यात पोकळ बी पुष्कळ निघतं, म्हणून दाट पेरा आणि वर चाळलेल्या मातीचा नुसता शिडकावा करा. खोल गेलं तर उगवत नाही.

ताम्हणाच्या बियांपासून केलेल्या रोपांत रंग कमी-जास्त होतो, फिक्या गुलाबीपासून गर्द जांभळ्यापर्यंत. म्हणून गर्द रंगाचं, भरगच्च तुऱ्यांचं एखादं झाड दिसलं तर आत्ता, फुलं असतानाच त्याच्या फांदीला चिंधी बांधून ठेवा. हिवाळ्यात बोंडं तपकिरी होऊन तडकायच्या बेतात येतात, तेव्हा सगळी झाडं सारखीच दिसतात.