प्रत्येक जोडानंतर अ‍ॅझिमथ

सत्तरच्या दशकातली सायकेडेलिक फंक रेकॉर्ड मूळ टेपवरून पुन्हा काढायची असेल, तर हक्कांची कागदपत्रं आधी. त्यावर जास्त बोलत नाही. खोक्यावरच्या चिठ्ठ्या, खरडलेले आकडे, सगळ्यांचे फोटो घ्या. हातातली टेप मूळ मास्टर आहे की कारखान्यासाठी काढलेली नक्कल, हे बहुतेकदा तिथंच कळतं.

मग रीळ उजेडासमोर धरा. उजेड आरपार आला तर ती अ‍ॅसिटेट, म्हणजे जुन्या प्रकारच्या प्लॅस्टिकवरची टेप. व्हिनेगरचा वास असेल तर लगेच इतरांपासून वेगळी ठेवा. चिकट झालेली पॉलिएस्टर टेप साधारण 54 अंशांवर आठेक तास शेकतात, पण म्हणून अ‍ॅसिटेटही शेकायला जाऊ नका. कायमची जाईल. टेपचे तुकडे एकमेकांना चिकटवलेले असतात, ते सुकलेले जोड नव्यानं चिकटवा.

आता अ‍ॅझिमथ, म्हणजे टेप वाचणाऱ्या हेडचा टेपशी असलेला कोन. मागच्या वेळी मी तो पहिल्या गाण्याला लावला आणि अख्खी बाजू उतरवून घेतली. अल्बमची मास्टर म्हणजे वेगवेगळ्या दिवशी, कधी वेगवेगळ्या मशिनवर मिक्स झालेली गाणी कापून जोडलेली पट्टी. जोड ओलांडला की कोन बदलू शकतो. तिसऱ्या गाण्यात हाय-हॅट, म्हणजे ड्रमवरची झांजांची जोडी, ओल्या फडक्यात गुंडाळल्यासारखा वाजत होता. मला वाटलं, त्या काळचा आवाज, त्यात फेझर, म्हणजे आवाज गरगरवणारा इफेक्ट, असंच असणार. रेकॉर्डची चाचणी प्रत मोनोत, म्हणजे दोन्ही चॅनल एकत्र करून, ऐकली तेव्हा झांजा जवळजवळ नाहीशाच झाल्या. दोष टेपचा नव्हता, माझ्या हेडचा होता. सगळं पुन्हा उतरवावं लागलं.

म्हणून प्रत्येक गाण्याला, प्रत्येक गाण्याला, दोन्ही चॅनल मोनोत एकत्र करा, मधोमध वाजणारा हाय-हॅट शोधा आणि हेडचा स्क्रू केसभर फिरवत तो सर्वांत लख्ख होईल तिथं थांबा. फेझरच्या भागावर ठरवू नका, तिथं कान फसतो. जोड आला? पुन्हा लावा.

उतरवताना 24 बिट, 96 किलोहर्ट्झ. टेपची सळसळ पुसायचा मोह आवरा. फंकाडेलिक या बँडच्या 1971 च्या ‘मॅगट ब्रेन’ या गाण्यात एडी हेझलची गिटार दहा मिनिटं प्रतिध्वनीत विरत जाते. सळसळ पुसणारं सॉफ्टवेअर आधी विरत जाणाऱ्या आवाजाची तीच शेपटं खातं.

एका बाजूला वीसेक मिनिटं, जास्त नको. चाचणी प्रत साध्या टर्नटेबलवर दोन्ही बाजू पूर्ण ऐका, एकदा मोनोतही. आणि जोड मोजून कागदावर लिहा, प्रत्येकापुढे अ‍ॅझिमथ लावल्याची खूण करा. एकही खूण राहिली असेल तर फाइल पुढे पाठवू नका.