पाच लेखक, एक सांगली आणि एक चोपडी

मराठी रहस्यकथेत नायक आणि त्याचा लेखक यांची जोडी सहसा फुटत नसे. वाचनालयात आलेला वाचक नायकाचे नाव घेई आणि लेखकाचे नाव त्यातच आलेले असे. इतरत्र मात्र वेगळी रीत रुळली. इंग्लंडमध्ये १८९३ साली अवतरलेल्या सेक्स्टन ब्लेक या गुप्तहेराच्या कथा पुढे सुमारे दोनशे लेखकांनी लिहिल्या, आणि जर्मनीत १९५४ पासून सुरू झालेल्या जेरी कॉटनच्या कथांमागेही शंभरहून अधिक लेखक होते. आम्ही पाच जणांनी सांगलीत बसून असाच एक उद्योग आरंभला. एकच शहर, एकच कालखंड, सामाईक पात्रे आणि प्रत्येकाचे स्वतंत्र पुस्तक, असे त्याचे स्वरूप आहे. त्या अनुभवावरून, ज्यांना हे करायचे असेल त्यांच्यासाठी पुढील मजकूर लिहीत आहे.

पहिली बैठक कथानकावर खर्च करू नये; ती काळ आणि भूगोल ठरवण्यावर खर्च करावी. आम्ही २००५ च्या महापुरापासून २०१९ च्या महापुरापर्यंतचा काळ निवडला. त्याला सुरुवात आणि शेवट आपोआप मिळतो, हे एक कारण. आणि या काळातील घटना पाचही जणांनी स्वतः पाहिलेल्या आहेत, हे त्याहून महत्त्वाचे कारण. काळ ठरला की त्यातील न हलणाऱ्या तारखा आधी लिहून काढाव्यात, कारण गुन्हेकथेत पुरावा आणि पैसा या दोन्ही गोष्टी तारखांवर अवलंबून असतात. उदाहरणार्थ, एका लेखकाने २०१५ सालच्या कथेत हळदीच्या पोत्यांमागे दडवलेली रोकड दुसऱ्याने २०१७ सालच्या कथेत बाहेर काढली, तर ती केवळ रद्दी ठरते, कारण पाचशे आणि हजारच्या जुन्या नोटा ८ नोव्हेंबर २०१६ च्या मध्यरात्रीपासून चलनातून बाद झाल्या. आमच्यातील एकाने ही अडचणच कथानक म्हणून उचलली आणि त्या मालिकेतील सर्वांत चांगले पुस्तक लिहिले, हे मला किंचित मत्सराने नमूद करावेसे वाटते. काळ २०१९ लाच थांबवण्याचा आणखी एक फायदा असा, की आमच्या सर्व पात्रांना खुनासाठी निर्धास्तपणे ‘तीनशे दोन’ म्हणता येते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि खुनाच्या शिक्षेचे कलम १०३ झाले. ज्यांची मालिका ही तारीख ओलांडते, त्यांनी पोलीस ठाण्यातील प्रत्येक संवाद त्या दृष्टीने पुन्हा वाचावा.

भूगोलाच्या बाबतीत आमचा नियम असा आहे, की रस्ते, नदी, पूल आणि पेठा खऱ्या ठेवाव्यात, पण ज्या संस्थेत गुन्हा घडतो ती संस्था नेहमी कल्पित असावी. आयर्विन पूल, सांगलीवाडी, मार्केट यार्ड, कुपवाडची औद्योगिक वसाहत, मिरज जंक्शन आणि हरिपूरचा कृष्णा-वारणा संगम जिथे आहेत तिथेच राहतात. पतसंस्था, दवाखाना आणि साखर कारखाना मात्र आम्ही नव्याने उभारतो, आणि उभारताना सांगलीतील कोणत्याही खऱ्या इमारतीचा मजला, रंग किंवा कोपरा त्यांना चिकटणार नाही याची काळजी घेतो. या शहरातील वाचक इतका चौकस आहे, की पतसंस्थेच्या दारातील पिंपळावरून तो अध्यक्ष ओळखतो, आणि मग बदनामीची नोटीस एका लेखकाला न येता पाचही जणांना येते.

सामाईक नायक निवडताना घाई करू नये. आमच्या पहिल्या आराखड्यात नायक पोलीस निरीक्षक होता आणि तो सर्वांना आवडलाही होता. चौदा वर्षांच्या काळात तो एकाच ठाण्यात कसा राहील, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नव्हता. अधिकाऱ्याची बदली दोन-तीन वर्षांत होतेच. शेवटी आम्ही त्याला हवालदार केले. हवालदार जिल्ह्याच्या आस्थापनेवर असतो, ठाणी बदलली तरी जिल्ह्यातच फिरतो, त्याचे घर आणि सासुरवाडी दोन्ही पंचक्रोशीत असतात आणि प्रत्येक नव्या साहेबाशी त्याला नव्याने जुळवून घ्यावे लागते. या शेवटच्या गोष्टीमुळे पाच लेखकांना पाच वेगळे साहेब निर्माण करण्याची मोकळीक मिळाली, जी निरीक्षक नायक असता तर मिळाली नसती.

आता मुख्य गोष्टीकडे येतो, ती म्हणजे चोपडी. अडत दुकानात ज्याप्रमाणे माल उतरला की नोंद आधी आणि चहा नंतर, त्याप्रमाणे पुस्तकाचा शेवटचा मसुदा पक्का झाला की त्यातील प्रत्येक बदल चोपडीत चढवल्याशिवाय पुढच्या लेखकाने लेखणी उचलू नये. आम्ही ती संगणकावरील तक्त्यात ठेवतो. कागदी वहीतही ती तितकीच चांगली चालेल. कोण मेले, कोण तुरुंगात गेले, कोणाचा हात मोडला, कोणाची मोटारसायकल कोणत्या रंगाची आहे, या नोंदी सगळेच करतात. ज्या रकान्याचा सर्वांना विसर पडतो तो म्हणजे कोणत्या पात्राला कोणती गोष्ट कधी समजली, हा. आमच्या तिसऱ्या पुस्तकात हवालदाराच्या मेहुण्याचा सावकाराशी असलेला व्यवहार उघड झाला होता. पाचवे पुस्तक मी लिहिले आणि त्यात हवालदार त्याच मेहुण्यावर आंधळा विश्वास टाकून त्याला पुरावा सांभाळायला देतो, असे दाखवले. तारखा बरोबर होत्या, पत्ते बरोबर होते, मोटारसायकलचा रंगही बरोबर होता, परंतु आमचा चतुर हवालदार त्या प्रसंगात मूर्ख ठरला. मसुदा वाचणाऱ्या मित्राने समासात फक्त ‘याला ठाऊक आहे’ एवढे तीन शब्द लिहिले आणि माझी चाळीस पाने गेली. तेव्हापासून आम्ही हा रकाना सर्वांत आधी भरतो.

चोपडीत गुन्ह्याच्या पद्धतीही नोंदवाव्यात. हरिपुरात हळद साठवण्यासाठी जमिनीखाली खोदलेली पेवे प्रसिद्ध होती, आणि २००५ च्या पुरात त्यांपैकी बरीच निकामी झाली. बंद पेव उघडल्यावर आतली हवा गुदमरवणारी असते, म्हणून ते काही वेळ उघडे ठेवल्याशिवाय कोणी आत उतरत नाही. रहस्यकथा लिहिणाऱ्याला अशी जागा दिसली की त्याचे हात शिवशिवतात, आणि आमच्याकडे तर एकाच महिन्यात तीन जणांनी पेवातील मृत्यू सुचवला. ज्याने चोपडीत प्रथम नोंद केली त्याला ते पेव मिळाले. उरलेल्या दोघांपैकी एकाने मिरजेतील सतार बनवणाऱ्याच्या घरातील भोपळ्यांच्या माळ्याकडे मोर्चा वळवला आणि दुसरा काही दिवस रुसून बसला.

दुसऱ्याचे पात्र वापरण्याचा शिष्टाचार लेखी असावा. आमच्याकडे ज्याने पात्र निर्माण केले त्याच्या संमतीशिवाय त्या पात्राला मारता येत नाही, त्याचे लग्न लावता येत नाही आणि त्याचा धर्म, जात किंवा गाव उघड करता येत नाही. या मर्यादेत राहून त्याला मारहाण करता येते, कर्जात बुडवता येते आणि खोटे बोलायला लावता येते, मात्र पुस्तक संपताना ते पात्र पुढच्या लेखकाच्या उपयोगी पडेल अशा अवस्थेत परत करावे लागते. आडनावांचा प्रश्नही इथेच मिटवावा. पाच जणांनी स्वतंत्रपणे लिहिलेल्या पाच पुस्तकांतील खलनायकांची आडनावे एकत्र मांडल्यावर ती एकाच समाजाची निघाली, तर हेतू नसतानाही मालिकेला एक वास येतो, आणि तो वास कोणा एकट्या लेखकाला येत नाही. म्हणून आडनावांची यादी एकाच व्यक्तीने ठेवावी.

भाषेबाबत फार बोलण्याची गरज नाही. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद सांगलीच्या बोलीत ठेवावेत. फक्त कोणते पात्र ‘न्हाई’ म्हणते आणि कोणते ‘नाही’, हे चोपडीत असावे, म्हणजे बुधगावचा ट्रकचालक चौथ्या पुस्तकात अचानक सदाशिव पेठेतला होत नाही.

पाच समान भागीदारांनी मतदानाने निर्णय घ्यावेत, हे ऐकायला चांगले वाटते, पण त्या मार्गाने एकही पुस्तक वेळेत निघत नाही. ऊसतोडीच्या टोळीला जसा मुकादम लागतो तसा एक संपादक एका वर्षासाठी नेमावा, विसंगतीबाबत त्याचा शब्द अंतिम मानावा आणि त्या वर्षी त्याने स्वतःचे पुस्तक लिहू नये.

करारपत्र पहिल्या पुस्तकाआधी करावे, कारण पैसे येऊ लागल्यावर ते कोणालाच सुचत नाही. स्वामित्वहक्क कायदा, १९५७ नुसार ज्या लेखनात एकाचा वाटा दुसऱ्यापासून वेगळा काढता येत नाही, तेच संयुक्त लेखन ठरते, आणि त्याचा हक्क शेवटच्या सहलेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. स्वतंत्र पुस्तके स्वतंत्र लेखकांचीच राहतात. हा कायदा अभिव्यक्तीला संरक्षण देतो, नुसत्या कल्पनेला देत नाही. त्यामुळे ‘सांगलीतील हवालदार’ ही कल्पना कोणाचीच मालमत्ता नव्हे, आणि गटाबाहेर पडलेला लेखक तोच हवालदार नवे नाव देऊन दुसरीकडे चालवू लागला तर कराराशिवाय त्याला अडवणे कठीण जाते. प्रकाशकाला हक्क देताना मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षे धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरते हक्क दिले असे मानतो. म्हणून दोन्ही गोष्टी शब्दांत लिहाव्यात आणि श्राव्य पुस्तके व चित्रपट यांचा उल्लेख वेगळा करावा.

शेवटचे पुस्तक आधी लिहून ठेवावे, असा माझा आग्रह आहे आणि तो गटाने बऱ्याच कुरकुरीनंतर मान्य केला. आमच्या मालिकेचा शेवट २०१९ च्या ऑगस्टमध्ये होतो. आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी असताना पाणी ५७ फुटांच्या वर गेले आहे आणि एका बंद घराच्या माडीवर चार माणसे अडकली आहेत. ती चार माणसे कोण, हे पहिल्या दिवसापासून पाचही जणांना ठाऊक असल्यामुळे मधल्या चौदा वर्षांत त्यांना कोणी मारत नाही, आणि उरलेल्यांवर मात्र प्रत्येकाची नजर असते.