‘आइस हॉकी’ दोघांत कशी खेळावी: सुरुवात गोलकीपरपासून

जुन्या ८-बिट कन्सोलवर दोघांनी खेळायला कुठला गेम घेऊ, असं कुणी विचारलं की मी डोळे मिटून ‘आइस हॉकी’ सांगते. निन्टेंडो या जपानी कंपनीने १९८८ मध्ये काढलेला हा गेम मारिओ, कॉन्ट्रा अशा गाजलेल्या गेम्सच्या गर्दीत मागे पडला, याची मला खरंच हळहळ वाटते. तो करणाऱ्यांतले हिदेकी कोन्नो पुढे ‘सुपर मारिओ कार्ट’ या गाड्यांच्या शर्यतीच्या गेमचे दिग्दर्शक झाले. शेजारी बसलेल्या माणसाशी चुरस कशी लावायची, याची त्यांची जाण इथेही दिसते.

मी कॅनडात मिसिसागात राहते. इथे खऱ्या आइस हॉकीचं वेड आहे, पण या गेमसाठी त्या खेळाचं ज्ञान लागत नाही. बर्फाचं मैदान, दोन्ही टोकांना गोल, रबराची चकती आणि प्रत्येकी चार खेळाडू व एक गोलकीपर, एवढं पुरे.

देश सहा आहेत: अमेरिका, कॅनडा, स्वीडन, पोलंड, सोव्हिएत युनियन आणि चेकोस्लोव्हाकिया. दोघांत खेळताना देशावर फार डोकं खपवू नका, रंग आवडेल तो घ्या. डोकं लावायचं ते पुढच्या पडद्यावर. तिथे चारही खेळाडूंची अंगकाठी तुम्ही ठरवता. काटकुळा वाऱ्यासारखा पळतो, फेस-ऑफला (म्हणजे दोघांच्या मधे चकती टाकून खेळ सुरू होतो तेव्हा) ती पटकन उचलतो, पण धक्का लागला की आडवा होतो आणि त्याच्या फटक्यात दम नसतो. जाड्या रखडत चालतो, पण त्याला पाडणं महाकठीण आणि त्याचा फटका जबरदस्त. मध्यम या दोघांच्या मधला. अशा एकूण १५ जोडण्या होतात. नवख्यांनी एक काटकुळा, दोन मध्यम, एक जाड्या घ्यावा. माझा भाचा हटकून चार काटकुळे घेतो आणि म्हणतो, “मावशी, तुझा जाड्या पोचेपर्यंत मी गोल मारून परत येतो.” तेव्हा मी दोन जाडे घेते आणि गोलासमोरची जागा सोडत नाही. चौघे काटकुळे तिथे येऊन आपटतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. तुमच्या खेळाडूला हलवणारं बटणच तुमच्या गोलकीपरलाही हलवतं. खेळाडू वर नेलात की गोलकीपरही गोलात वर सरकतो, खाली नेलात की खाली. म्हणजे बचाव करताना तुम्ही एका अंगठ्याने दोन माणसं चालवत असता. प्रतिस्पर्धी चकती घेऊन आत घुसला की आपण घाबरून त्याच्या मागे वर-खाली पळतो, गोलकीपर भलत्याच बाजूला जातो आणि समोरचा रिकाम्या कोपऱ्यात गोल मारतो. म्हणून तो जवळ आला की पाठलाग सोडा. नजर गोलकीपरवर ठेवा आणि वर-खाली बटण फक्त त्याच्यासाठी वापरा. सरावासाठी सामन्याच्या तीन भागांतला पहिला भाग, म्हणजे पहिला पिरियड, गोल करण्याचा नाद सोडून एवढंच करून बघा.

हल्ला करताना हेच उलटं वापरायचं. चकती घेऊन मैदानाच्या वरच्या कडेने पुढे जा. समोरचा तुम्हाला अडवायला वर येईल, त्याचा गोलकीपरही वर खेचला जाईल. त्या क्षणी खालच्या गड्याला पास द्या आणि लगेच मारा. शॉटचं बटण दाबून धरून सोडलं की फटका जोरात बसतो, पण तेवढा वेळ खेळाडू उघडा पडतो. त्यामुळे जोराचे फटके जाड्यासाठी राखून ठेवा. काटकुळ्याने पळावं आणि पास द्यावा.

चकतीसाठी दोघांची झटापट लांबली की बाकीचे धावून येतात आणि सरळ मारामारी जुंपते. तेव्हा बटण धडाधड दाबत राहा, कारण हरलेल्या संघाचा एक जण शिक्षा म्हणून थोडा वेळ मैदानाबाहेर, पेनल्टी बॉक्समध्ये जातो. माणूस जास्त असेल तेव्हा घाई नको, पास फिरवत समोरच्याला दमवा.

पिरियड तीन. प्रत्येकाची वेळ ७, १० किंवा १५ मिनिटं, आणि वेग १ ते ५. शिकताना ७ मिनिटं आणि मधला वेग ठेवा. वेग ५ वर गोलकीपर सांभाळायला हात बसलेला लागतो. बरोबरी झाली तर पेनल्टी शॉट्स होतात, म्हणजे एकट्या खेळाडूने फक्त गोलकीपरसमोर मारायचे फटके.

जुना कन्सोल नव्या टीव्हीला जोडला तर टीव्हीच्या सेटिंगमधला ‘गेम मोड’ सुरू करा, नाहीतर बटण दाबल्यावर गोलकीपर उशिरा हलतो आणि वर सांगितलेलं सगळं फुकट जातं. कॅसेट मिळत नसेल तर निन्टेंडोच्या स्विच कन्सोलवरच्या ‘निन्टेंडो स्विच ऑनलाइन’ या वर्गणीच्या सेवेत हा गेम २०१८ पासून आहे. तिथे दुसऱ्या गावातल्या माणसाशीही खेळता येतं. तरी शक्य असेल तर दोघांनी एकाच सोफ्यावर बसून खेळा, कारण शेजारच्याचा अंगठा कुठे वळतोय हे कडेने दिसलं की त्याचा गोलकीपर कुठे जाणार हे तुम्हाला आधीच कळतं.