जुन्या तपासकथेला नवा लेखक : वाचकगटात चर्चा कशी घडवावी आणि वाचकांचा कौल कसा नोंदवावा

मूळ लेखक गेल्यावर एखादी गाजलेली गुन्हेकथांची मालिका दुसऱ्या लेखकाच्या हाती जाते, तेव्हा वाचकांत लगेच दोन तट पडतात. ‘जुन्याची सर नाही’ असे एक बाजू म्हणते, ‘पण पुस्तक हातातून सुटत नाही’ असे दुसरी म्हणते, आणि बहुतेक चर्चा या दोन वाक्यांपुढे सरकत नाही. वास्तविक या मतांमागे तीन वेगवेगळे प्रश्न गुंतलेले असतात : हे पुस्तक लिहिण्याचा अधिकार या लेखकाला होता का, मूळ व्यक्तिरेखेशी ते प्रामाणिक आहे का, आणि स्वतंत्र कादंबरी म्हणून ते उतरले आहे का. हे प्रश्न एकमेकांपासून सोडवून घेऊन वाचकगटात अशा पुस्तकाची चर्चा कशी करावी आणि तिची नोंद कशी ठेवावी, हे येथे सांगायचे आहे. सोलापुरातील वाचकगट डोळ्यांपुढे ठेवून हे लिहिले आहे, कारण येथे एकाच सतरंजीवर मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणाऱ्या घरांतील वाचक बसतात आणि या विषयाच्या दृष्टीने ती मोठीच अनुकूलता आहे.

प्रथम पुस्तकाची निवड. ज्या मालिकेचे मूळ भाग आणि नव्या हातचे भाग दोन्ही सहज मिळतात, तीच घ्यावी. गट नवा असेल, तर शेरलॉक होम्सपासून सुरुवात करणे सोयीचे ठरते. आर्थर कॉनन डॉयल यांनी होम्सच्या 4 कादंबऱ्या आणि 56 कथा लिहिल्या, त्यांपैकी अनेक मराठीतही आलेल्या आहेत, आणि डॉयल यांच्या वारसांच्या संमतीने अँथनी हॉरोविट्झ यांनी लिहिलेली नवी होम्स-कादंबरी 2011 मध्ये प्रसिद्ध झाली. ॲगाथा ख्रिस्ती यांच्या एर्क्यूल प्वारो या गुप्तहेराची मालिकाही चालेल. ॲगाथा ख्रिस्ती 1976 मध्ये गेल्या आणि 2014 पासून सोफी हॅना प्वारोच्या नव्या कादंबऱ्या लिहीत आल्या आहेत. मात्र गट मुरलेला असेल आणि प्रौढांसाठीचे हिंसक प्रसंग वाचण्याची सर्वांची तयारी असेल, तर स्वीडनच्या स्टीग लार्सन यांची मालिका घ्यावी असे मी आग्रहाने सुचवेन, कारण वर सांगितलेले तिन्ही प्रश्न तिच्याइतक्या तीव्रतेने दुसऱ्या कोणत्याही मालिकेत उभे राहत नाहीत.

लार्सन हे पत्रकार होते, अतिउजव्या हिंसक संघटनांचा माग काढणे हे त्यांचे आयुष्यभराचे काम होते, आणि नोव्हेंबर 2004 मध्ये वयाच्या पन्नासाव्या वर्षी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. लिस्बेथ सालँडर ही हॅकर तरुणी आणि मिकाएल ब्लूमक्विस्ट हा पत्रकार यांच्या तीन कादंबऱ्या 2005 ते 2007 या काळात, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाल्या. एव्हा गाब्रिएल्सन या त्यांच्याबरोबर तीन दशकांहून अधिक काळ राहिल्या होत्या, परंतु विवाह झालेला नसल्यामुळे आणि ग्राह्य मृत्युपत्र नसल्यामुळे स्वीडिश कायद्यानुसार मालमत्ता आणि लेखनाचे हक्क वडील व भाऊ यांच्याकडे गेले. त्यांच्या संमतीने डेव्हिड लागरक्रांत्स यांनी 2015, 2017 आणि 2019 मध्ये पुढचे तीन भाग लिहिले. गाब्रिएल्सन यांनी याला उघड विरोध केला. त्यानंतर मालिका कारिन स्मिर्नॉफ यांच्याकडे गेली आणि सातवा भाग 2022 मध्ये स्वीडिशमध्ये आला.

हा इतिहास पहिल्या बैठकीतच सर्वांना सांगून टाकावा आणि अधिकाराचा प्रश्न त्याच दिवशी हातावेगळा करावा. हे न केल्यास पुढच्या प्रत्येक बैठकीत तोच विषय वर येतो आणि पुस्तक बाजूला राहते. चर्चेत कायदा आणि नीती यांची गल्लत होऊ नये, म्हणून कायद्याची बाजू एका सभासदाने आधीच तयार करून आणावी. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे, पुढील कॅलेंडर वर्षापासून मोजून, लेखनहक्क टिकतो. पूर्वी ही मुदत 50 वर्षांची होती, त्यामुळे 1930 मध्ये गेलेल्या डॉयल यांचा होम्स भारतात 1980 अखेरच मुक्त झाला आणि आज कोणीही मराठी लेखक त्याला घेऊन कथा लिहू शकतो. उलट 1970 मध्ये गेलेल्या बंगाली लेखक शरदिंदु बंद्योपाध्याय यांच्या ब्योमकेश या गुप्तहेराच्या कथांवरील हक्क 2030 अखेरपर्यंत, आणि 1996 मध्ये गेलेल्या बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार व काळापहाड यांच्या कथांवरील हक्क 2056 अखेरपर्यंत टिकून आहेत. ही वर्षे फळ्यावर लिहिली की ‘असे लिहूच कसे दिले’ हा प्रश्न कुणाला विचारायचा, ते स्पष्ट होते. त्यानंतर प्रत्येकाने आपले नैतिक मत एका वाक्यात लिहून द्यावे. ते मत पुढे बदलले तरी चालेल, परंतु पुस्तकाच्या गुणदोषांच्या चर्चेत ते पुन्हा पुरावा म्हणून आणू नये.

नवे पुस्तक उघडण्यापूर्वी मूळ मालिकेतील एक भाग सर्वांनी पुन्हा वाचणे आवश्यक आहे. पंधरा वर्षांपूर्वी वाचलेले पुस्तक आठवणीत फार सुंदर होऊन बसलेले असते आणि नव्या लेखकाला त्या आठवणीशी झुंजावे लागते, हा त्याच्यावर अन्याय आहे. पुनर्वाचनानंतर प्रत्येकाने एका कागदावर तीन गोष्टी लिहाव्यात : या मालिकेत काय बदलता कामा नये, काय बदलले तर हरकत नाही, आणि मूळ लेखकाची कोणती खोड आपल्याला तेव्हाही खटकली होती. कागद पाकिटात घालून शेवटच्या बैठकीपर्यंत बंद ठेवावेत. तिसरा प्रश्न अनेकांना अवघड जातो, तरीही तो गाळू नये. लार्सन यांच्या पुस्तकांत कोणी कोणती वस्तू विकत घेतली, किती वेळा कॉफी प्यायली, याची लांबच लांब वर्णने येतात. पुनर्वाचनाच्या वेळी जो वाचक या पानांवरून घाईने पुढे जातो, तोच नव्या पुस्तकात ती वर्णने नाहीत म्हणून हळहळतो, आणि स्वतःच्याच हस्ताक्षरातील कागद समोर आल्यावर त्याला आपले मत नीट तपासता येते.

होम्स निवडला असेल, तर आणखी एक उपयुक्त तुलना करता येते. डॉयल यांच्या सुरुवातीच्या कथांपैकी एक आणि 1927 मध्ये निघालेल्या अखेरच्या संग्रहातील एक अशा दोन कथा शेजारी ठेवून वाचाव्यात. उत्तरकाळातील कथा पुष्कळ वाचकांना फिक्या वाटतात. मालिका उतरणीला लागते ती नेहमी नव्या लेखकामुळेच नव्हे, हे त्यातून ध्यानात येते आणि नव्या हाताला न्यायाने मोजण्याची मोजपट्टी मिळते.

आता भाषेचा मुद्दा, आणि येथे थोडे थांबले पाहिजे. आपल्यापैकी बहुतेकजण लार्सन स्वीडिशमध्ये वाचत नाहीत, इंग्रजी किंवा इतर अनुवादांतून वाचतात. पहिल्या तीन कादंबऱ्यांच्या इंग्रजी अनुवादावर रेग कीलँड हे नाव दिसते. ते स्टीव्हन मरे यांचे टोपणनाव असून, प्रकाशनासाठी झालेले संपादकीय बदल न पटल्याने त्यांनी आपले खरे नाव लावले नाही. लागरक्रांत्स यांचे भाग जॉर्ज गोल्डिंग यांनी इंग्रजीत आणले आणि स्मिर्नॉफ यांचा पहिला भाग सारा डेथ यांनी. याचा अर्थ असा की, इंग्रजी वाचकाला चौथ्या भागात आवाज बदलल्यासारखा वाटतो तेव्हा लेखक आणि अनुवादक दोघेही एकाच वेळी बदललेले असतात, आणि शिवाय जुना आवाज म्हणून जो आपण उराशी धरला तोही संपादकाच्या कात्रीतून गेलेला असतो. म्हणून भाषेविषयी तक्रार नोंदवताना ती वाक्यरचनेची आहे, संवादाची आहे की व्यक्तीच्या वागण्याची, हे वेगळे लिहावे. वाक्यरचनेची तक्रार लेखकाच्या खात्यावर टाकू नये. सालँडर एखाद्या प्रसंगी काय करते हे मात्र अनुवादाने बदलत नाही, आणि त्याची जबाबदारी पूर्णपणे लेखकाची आहे. सोलापूरच्या गटात एकजण कन्नड अनुवाद आणि दुसरा इंग्रजी अनुवाद वाचत असेल, तर दोघांनी एकच प्रसंग आपापल्या पुस्तकातून मोठ्याने वाचून मराठीत सांगावा. दोन्हीकडे जे सारखे उरते, तेच लेखकाचे.

वाचन चालू असताना नोंदी तीन टप्प्यांवर घ्याव्यात : सुमारे पन्नासाव्या पानावर, निम्म्यावर आणि शेवटी. पहिल्या टप्प्यावरची नोंद सर्वांत कडवट असते, कारण तेव्हा वाचक पुस्तक वाचत नसून चुका शोधत असतो. निम्म्यावर आल्यावर कथानक त्याला ओढून नेते आणि टीका विरळ होते. शेवटची नोंद बहुधा रहस्याच्या उलगड्याने रंगलेली असते. केवळ शेवटी मत घेतले, तर हा सगळा प्रवास हरवतो. प्रत्येक नोंदीत पान क्रमांक, प्रसंग आणि कारण एवढे असावे. ‘मजा आली नाही’ किंवा ‘पकड सुटली’ अशी नोंद गटप्रमुखाने परत करावी आणि ‘कोणत्या पानावर?’ एवढेच विचारावे.

चांगली नोंद कशी असते ते उदाहरणाने सांगतो. लागरक्रांत्स यांच्या चौथ्या भागात ऑगस्ट नावाचा एक मुलगा आहे. तो बोलत नाही, पण विलक्षण अचूक चित्रे काढतो, आणि सालँडर त्याचे रक्षण करते. एखादा वाचक या ठिकाणी ‘सालँडर मवाळ झाली’ एवढेच लिहितो. ही नोंद अपुरी आहे. ‘सालँडरला लहानपणी यंत्रणेने बांधून ठेवले होते, म्हणून ती मुलाच्या बाजूने उभी राहील हे पटते, परंतु लार्सन यांच्या पुस्तकांत ती आपल्या कृतीचे कारण कोणाला सांगत बसत नाही, येथे तसे होते की नाही ते पुढील प्रसंगात पाहायचे’ असे लिहिले, तर ती नोंद चर्चेला हत्यार म्हणून उपयोगी पडते. या वाचकाने स्वभावाचा गाभा आणि त्याचे बाह्य रूप वेगळे केले आहे. माझे स्वतःचे मत असे की, नव्या भागांचे कथानक सफाईदार असले तरी लार्सन यांच्या लेखनातील स्त्रियांवरील हिंसेबद्दलचा धगधगता संताप त्यांत मंदावला आहे, आणि वाचकांची खरी हुरहुर त्याचीच आहे, कॉफीच्या वर्णनांची नव्हे.

निवेदक कोण, हा प्रश्नही आवर्जून विचारावा. हॉरोविट्झ यांनी होम्सचा मित्र वॉटसन यालाच निवेदक ठेवले आणि हे हस्तलिखित शंभर वर्षे उघडू नये अशी अट घालून त्याने ते तिजोरीत ठेवले होते, अशी योजना केली. हॅना यांनी प्वारोचा जुना मित्र व निवेदक हेस्टिंग्ज याचा आवाज न घेता स्कॉटलंड यार्डचा एडवर्ड कॅचपूल हा नवा निवेदक आणला, त्यामुळे आवाजातील फरकाला कथेतच कारण मिळाले. पहिल्या मार्गात नक्कल जमली नाही तर ती लगेच उघडी पडते. दुसऱ्यात नक्कल करावीच लागत नाही, पण जुना स्नेह गमवावा लागतो. गटाने यांपैकी कोणता मार्ग अधिक प्रामाणिक वाटतो हे ठरवावे. मला दुसरा वाटतो.

सोलापुरात या विषयाला आणखी एक दार आहे. येथील उर्दू वाचकांच्या घरांत रहस्यकथाकार इब्न-ए-सफी यांची जासूसी दुनिया आणि इम्रान या हेराची मालिका पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेली आहे. 1960 नंतर सुमारे तीन वर्षे ते आजारपणामुळे लिहू शकले नाहीत, तेव्हा त्यांच्याशी मिळतीजुळती नावे घेऊन इतरांनी पुस्तके काढली. 1980 मध्ये त्यांचे निधन झाल्यावर इम्रानला घेऊन अनेकांनी लिहिले, त्यांत मजहर कलीम यांचे लेखन संख्येने फार मोठे आहे. येथे वारसांची संमती घेऊन नेमलेला एकच उत्तराधिकारी नाही; वाचकांनीच वर्षानुवर्षे पुस्तके विकत घेऊन कोणाला मानायचे ते ठरवले. एखाद्या ज्येष्ठ उर्दू वाचकाला एका संध्याकाळी आमंत्रण देऊन ‘चाचा, खरा इम्रान तुम्ही कशावरून ओळखता?’ एवढे विचारावे आणि त्यांना मध्ये न थांबवता बोलू द्यावे. लार्सनच्या चर्चेत जे निकष आपण चाचपडत शोधतो, ते येथे आयुष्यभराच्या वाचनातून तयार झालेले मिळतात.

बैठकीची व्यवस्था साधी असावी. एप्रिल-मे महिन्यांत दुपारची वेळ ठेवूच नये, दिवे लागल्यावर बसावे. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याचे दिवस टाळावेत, कारण निम्मे सभासद यात्रेत असतात. हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या जुन्या ग्रंथालयाचे सभासद असलेल्यांनी मूळ भागांची चौकशी आधी तेथे करावी आणि खरेदी फक्त नव्या भागाची करावी. दोन-तीन प्रती आळीपाळीने फिरवल्या तरी पुरतात, फक्त प्रत्येकाच्या हाती पुस्तक किती दिवस राहील ते आधी ठरवून घ्यावे. रहस्य फोडणाऱ्याला पुढच्या बैठकीत बोलण्याची पाळी सर्वांत शेवटी द्यावी.

बोलण्याचा क्रम मात्र काळजीपूर्वक ठरवावा. ज्याने मूळ मालिकेतील काहीच वाचलेले नाही, असा किमान एक वाचक गटात असावा आणि त्याला सर्वप्रथम बोलू द्यावे. जुने वाचक आधी बोलले की तो आपले मत गिळून टाकतो. एखादी महाविद्यालयीन मुलगी ‘मला सालँडर आवडली, पण ब्लूमक्विस्ट तिच्याशी असा का वागतो ते कळले नाही’ असे म्हणते, तेव्हा नवा लेखक जुन्या भागांच्या पुण्याईवर किती विसंबून राहिला आहे, हे सर्वांना एका क्षणात दिसते. त्यानंतर जुन्या वाचकांनी बोलावे, आणि मग पाकिटे उघडावीत.

कौल घेताना पाचपैकी इतके गुण अशी पद्धत वापरू नये. अधिकार, प्रामाणिकपणा आणि कादंबरी म्हणून यश या तिन्हींवर प्रत्येकाने स्वतंत्रपणे होय किंवा नाही सांगावे व एक वाक्य जोडावे. एकच वाचक तीन प्रश्नांना तीन निरनिराळी उत्तरे देतो आणि तसे देण्यात कसलीही विसंगती नाही, हे गटप्रमुखाने आधीच सांगून ठेवावे. नोंदवहीत वाचकाचे वय किंवा शिक्षण लिहिण्याची गरज नाही. त्याने मूळ मालिका कोणत्या भाषेत, किती भाग आणि साधारण केव्हा वाचली होती, एवढे मात्र लिहावे.

लार्सनची मालिका घेतलेल्या गटाने चौथ्या भागावर थांबू नये, सातवा भागही घ्यावा. स्मिर्नॉफ यांनी कथा स्वीडनच्या उत्तरेकडील गास्कास या काल्पनिक गावात नेली आणि तेथील जमीन व निसर्गसंपत्ती यांवरील लोभ हा विषय घेतला. लागरक्रांत्स यांच्यावर आक्षेप घेणारे काही वाचक तोवर त्यांच्याच सालँडरला सरावलेले असतात आणि तिसऱ्या लेखिकेला तीच जुनी वाक्ये ऐकवू लागतात. त्या बैठकीला चौथ्या भागाची नोंदवही बरोबर आणावी आणि प्रत्येकाच्या पहिल्या टप्प्यावरच्या दोन्ही नोंदी शेजारी शेजारी वाचून दाखवाव्यात.