शहराच्या कडेच्या गावात मुक्काम: आधी जेवण शोधा, मग खोली

कारखान्यांत यंत्रं बसवायची आणि ती सुरळीत चालेपर्यंत तिथेच थांबायचं, हे माझं काम. त्यामुळे माझे मुक्काम पडतात ते शहराच्या हद्दीबाहेर, जिथे एका अंगाला शेतं अजून टिकून आहेत आणि दुसऱ्या अंगाला नव्या इमारती उभ्या राहताहेत अशा गावांत. तिथे पर्यटक फिरकत नाहीत, म्हणून कुठे राहावं, कुठे जेवावं हे कुणी लिहूनही ठेवत नाही. पण परीक्षा, रुग्णालय, पहाटेचं विमान, नवी नोकरी अशा कारणांनी कितीतरी लोकांना तिथे रात्र काढावी लागते. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

बहुतेक जण आधी खोली पक्की करतात आणि जेवणाचं तिथे गेल्यावर बघू म्हणतात. माझा क्रम उलटा आहे. अशा गावातली बरीच माणसं दिवसभर शहरात कामाला असतात आणि रात्री आपापल्या घरी जेवतात. खानावळीचा धंदा होतो तो दुपारी. अंधार पडला की गिऱ्हाईक नाही, म्हणून चूलही लवकर विझते. खोली रात्री अकरालाही मिळेल. गरम जेवण मिळेलच असं नाही.

म्हणून नकाशा उघडला की मी प्रथम पाहते ते रात्री साडेआठनंतर काय उघडं असतं. गूगल मॅप्सवर वार आणि तास निवडून तेवढीच ठिकाणं गाळून घेता येतात. काही ठिकाणांच्या पानावर गर्दीचा तासवार आलेख असतो. तो लोकांच्या फोनच्या ठावठिकाण्यावरून बनतो. वेळेच्या रकान्यात रात्री दहा लिहिलंय आणि आलेख मात्र आठलाच जमिनीला टेकलाय, तर मी आलेखावर विश्वास ठेवते. लहान खानावळींना हा आलेख नसतो, कारण तेवढी माहितीच गोळा होत नाही. तिथे सरळ फोन करायचा. "किती वाजता बंद करता?" असं विचारू नका, "शेवटची ऑर्डर किती वाजता घेता?" असं विचारा. या दोन्हींत कधी तासाभराचं अंतर निघतं. त्याच फोनवर सुट्टीचा वारही विचारून टाका.

जेवण नेमकं कुठे सापडतं? जिथे रात्री माणसं जागी असतात तिथे. रुग्णालयाच्या अपघात विभागासमोर, स्टेशनच्या तोंडाशी, हमरस्त्यावरच्या पेट्रोल पंपाशेजारी, तीन पाळ्या चालणाऱ्या कारखान्याच्या फाटकापाशी. पाळी बदलायच्या वेळी फाटकाशी दहा मिनिटं उभं राहिलात तरी माणसांचा लोंढा कुठे वळतो ते दिसतं. विचारायचंच असेल तर औषधांच्या दुकानात, पहारेकऱ्याला किंवा शेवटच्या थांब्यावर गाडी लावून बसलेल्या बस ड्रायव्हरला विचारा. "इथे चांगलं हॉटेल कुठलं?" म्हटलं की माणूस दिखाऊ जागेचं नाव सांगतो. "तुम्ही स्वतः कुठे जेवता?" म्हटलं की खरं उत्तर येतं.

उशिरा जेवताना एक काळजी घ्याच. शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ नुसतं बाहेर ठेवू नये, गरम ठेवायचं तर ६० अंश सेल्सियसच्या वर आणि थंड ठेवायचं तर ५ अंशांच्या खाली, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपण थर्मामीटर घेऊन फिरत नाही, पण वाफ डोळ्यांना दिसते. वाफ नसेल तर समोर गरम करून मागा, किंवा त्या घटकेला नव्याने बनवून मिळेल तेच घ्या.

रात्रीच्या जेवणाच्या दोन जागा हाती आल्या (एकीवर भिस्त ठेवू नका), की त्यांच्याभोवती चालत पंधरा मिनिटांत जे येतं तेवढ्यातच मी खोली शोधते. इथे नकाशावरचं अंतर चकवतं. "सहाशे मीटर" हे पुष्कळदा सरळ रेषेतलं अंतर असतं, आणि मध्ये रेल्वेमार्ग किंवा सहापदरी रस्ता आडवा पडलेला असतो. पूल कुठे आहे, पदपथ आहे का, दिव्याचे खांब आहेत का, हे उपग्रह-चित्र आणि रस्त्याचे फोटो पाहून ठरवा. एअरबीएनबीवर बुकिंग होईपर्यंत घराची जागा पुष्कळदा अंदाजानेच दाखवतात, म्हणून आधीच मालकाला निरोप पाठवून जवळचा चौक किंवा थांबा कोणता ते विचारून घ्या.

अभिप्राय वाचताना ते कुणी लिहिलेत हे बघा. बुकिंग डॉट कॉमवर तिथून बुकिंग केलेल्यांनाच अभिप्राय लिहिता येतो. नकाशावर कुणीही लिहू शकतं. मी तारे बघत बसत नाही. नवे अभिप्राय वर आणते आणि तीन शब्द शोधते: आवाज, पाणी, रात्री. "रात्री दार उघडायला कुणी नव्हतं" हे एक वाक्य मला दहा फोटोंपेक्षा उपयोगी वाटतं.

ॲपवर न दिसणाऱ्या खोल्याही असतात आणि पुष्कळदा त्याच बऱ्या निघतात. कारखान्याचं स्वतःचं गेस्ट हाउस असतं, सुट्टीच्या दिवसांत काही महाविद्यालयांची वसतिगृहं पाहुण्यांना मिळतात, मोठ्या रुग्णालयांजवळ नातेवाइकांसाठी राहण्याची सोय असते. ज्या कामासाठी जाताय तिथल्या कार्यालयाला विचारा, "बाहेरून येणारे लोक एरवी कुठे उतरतात?" ॲपवर सापडलेल्या लॉजलाही एकदा थेट फोन करून बघा. बुकिंगच्या कंपन्या मालकाकडून कमिशन घेतात, त्यामुळे थेट आलेल्या माणसासाठी दर कमी करायला त्याला वाव असतो. ठरलेला दर, तारखा आणि रात्री येण्याची वेळ मात्र मेसेजवर लिहून घ्या. फोनवर एवढं विचारतेच: उशीर झाला तर किल्ली कोण देणार, खोलीत पाणी तापवायची किटली आहे का, फ्रिज आहे का. तीन रात्रींच्या वर थांबायचं असेल तर शेगडी आणि छोटा ओटा असलेली खोली घ्या, थोडी लांब असली तरी. एकवेळचं जेवण स्वतःच्या हातात आलं की निम्मी चिंता सरते.

कामगारांच्या गावात खोल्या सोमवार ते गुरुवार भरलेल्या आणि शनिवार-रविवारी रिकाम्या असतात. सहलीच्या गावात नेमकं याच्या उलट. शहरात मोठं प्रदर्शन किंवा भरतीची परीक्षा असेल तर ती गर्दी कडेच्या गावापर्यंत येते. तारीख ठरवण्याआधी एवढं तपासा.

पोचायचं ते शक्यतो उजेडी. सामान टाकलं की लगेच खोली ते खानावळ आणि खानावळ ते बसथांबा एकदा चालून या. थांब्यावरच्या वेळापत्रकाचा फोटो काढून ठेवा. शेवटची गाडी आणि रविवारच्या गाड्या वेगळ्या दिल्या असतील तर त्या नीट वाचा. पहिल्या रात्रीपुरतं काहीतरी खायला पिशवीत असू द्या.

आणि जी खानावळ आवडली तिथे दुपारीच सांगून ठेवा: "रात्री आम्ही चौघे येतोय, नऊ वाजतील." लहान स्वयंपाकघरात माणसं मोजून शिजवतात. तुमची मोजणी त्यात धरली गेली की तुम्ही पोचेपर्यंत ते चूल विझवत नाहीत, आणि उशीर होणार असेल तर फोन करण्याची जबाबदारी तुमची.